सोफ्यातलं केमिकल आणि शुगर: फ्लेम रिटार्डंटबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

डायबेटिसवर काहीही लिहिलं की खाली हमखास कुणीतरी विचारतं, ते सोफ्यातल्या केमिकलने शुगर होते म्हणतात ते खरंय का. दर वेळी वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. ज्याचं उत्तर आधी येऊन गेलंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. फ्लेम रिटार्डंट म्हणजे नक्की काय? आमच्या घरात असतं का?

वस्तूने पटकन पेट घेऊ नये म्हणून फोम, प्लॅस्टिक, कापड यात जे केमिकल घालतात ते. हे एकच केमिकल नाही, मोठं खानदान आहे. सगळ्यात बदनाम शाखा पीबीडीई, म्हणजे ब्रोमीनवाली. तिचे बाजारात तीन प्रकार होते: पेंटा मुख्यतः सोफा-गादीच्या फोममध्ये, ऑक्टा कॉम्प्युटरसारख्या वस्तूंच्या प्लॅस्टिकमध्ये, आणि डेका टीव्हीच्या मागच्या कव्हरमध्ये, पडद्यांच्या कापडात वगैरे. शिवाय एचबीसीडी आहे जे थर्माकोलच्या इन्सुलेशन शीटमध्ये जायचं, टीबीबीपीए आहे जे हिरव्या सर्किट बोर्डात असतं, आणि आता फॉस्फरसवाली मंडळी आलीत (प्रश्न १४).

महत्त्वाचा फरक असा की पीबीडीई हे भेळेतल्या शेवेसारखं नुसतं मिसळलेलं असतं, प्लॅस्टिकशी पक्कं जोडलेलं नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत राहतं. सर्किट बोर्डातलं टीबीबीपीए बहुतेक वेळा केमिकली जोडलेलं असतं म्हणून ते तितकं सुटत नाही.

२. सोफा काय आपण खात नाही, मग ते अंगात जातं कसं?

धुळीतून. जुन्या सोफ्याचं कुशन उचलून बघा, शिवणीपाशी फोमचा पिवळट चुरा पडलेला दिसेल, बोटात धरला तर पीठ होतो. तो चुरा आणि न दिसणारी वाफ दोन्ही घरातल्या धुळीत बसतात, धूळ हाताला लागते आणि हात तोंडात. अमेरिकेत पीबीडीई अंगात जाण्याचा मुख्य रस्ता घरातली धूळच निघाला. रांगणारी मुलं जमिनीवरच असतात आणि सगळं तोंडात घालतात म्हणून वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त जातं. दुसरा रस्ता जेवणाचा: चरबीवाले मासे, मटण, दूधदुभतं.

अंगात गेल्यावर पीबीडीई चरबीत जाऊन बसतं. किती दिवस टिकतं हे प्रकारावर आहे (पीबीडीईतल्या प्रत्येक रसायनाचं नाव बीडीई आणि पुढे एक नंबर असं असतं), डेकाचं मुख्य रसायन बीडीई-२०९ रक्तात साधारण १५ दिवसांत निम्मं होतं, बीडीई-४७ ला दोनेक वर्षं लागतात आणि बीडीई-१५३ ला अंदाजे साडेसहा वर्षं. हा बीडीई-१५३ लक्षात ठेवा, तो पुढे सारखा येणारे.

३. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा यात काय संबंध?

स्वादुपिंडात छोटी छोटी बेटं असतात, १८६९ मध्ये लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ती पहिल्यांदा पाहिली म्हणून त्याचंच नाव त्यांना. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. जेवलात की ग्लुकोज पेशीत शिरतं, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जेची भट्टी) ते जाळून एटीपी हे पेशीचं इंधन बनवतात, एटीपी वाढलं की पेशीवरचा पोटॅशियमचा दरवाजा बंद होतो, मग कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या बाहेर फुटतात. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला त्रास देणारी कुठलीही गोष्ट थेट शुगर मोजायच्या यंत्रणेलाच हात घालते.

त्यात भर म्हणजे बीटा पेशी मुळात नाजूक. पेशीतला ऑक्सिडेशनचा कचरा साफ करणारी एन्झाइम्स, जसं की कॅटालेज, यकृतात भरपूर असतात पण बीटा पेशीत फारच कमी. म्हणून संशोधकांचा संशय या पेशीवर आधी जातो, उगाच नाही.

४. मग हे केमिकल बीटा सेल मारून टाकतं का?

बीटा पेशी मारणारी केमिकल खरंच असतात. लॅबमध्ये उंदरांना डायबेटिस करायचा असेल तर स्ट्रेप्टोझोटोसिन देतात, ते बीटा पेशीत शिरून तिचा निकाल लावतं. माणसांत सगळ्यात भयानक उदाहरण म्हणजे व्हॅकॉर नावाचं अमेरिकेतलं उंदीर मारायचं औषध, १९७० च्या दशकातलं. ते ज्यांच्या पोटात गेलं आणि जे वाचले त्यातल्या अनेकांना एकदम इन्सुलिनवर जावं लागलं.

फ्लेम रिटार्डंट त्या जातीचं नाही. घरात जेवढं अंगात जातं तेवढ्याने बीटा पेशी धडाधड मेल्या असं काही कुणी दाखवलेलं नाही. लॅबच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर मोठा डोस टाकला की टीबीबीपीएसारख्या केमिकलने मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, पेशी मरतातही, पण डिशमधला डोस आणि तुमच्या रक्तातला डोस यात फार अंतर असतं. खरी गोची वेगळीच आहे, ती पुढच्या उत्तरात.

५. एका ठिकाणी वाचलं की याने इन्सुलिन उलट वाढतं. मग चांगलंच की?

वाचलंत ते बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. उंदराच्या बीटा पेशींवर, आयएनएस-१ नावाची पेशींची लाइन आहे तिच्यावर, बीडीई-४७ आणि बीडीई-८५ टाकून बघितलं तर ग्लुकोज दिल्यावर पेशी नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडायला लागल्या. आणि हे थायरॉइडच्या रिसेप्टरमधून होत होतं, ज्यात नवल नाही कारण पीबीडीईचा आकारच थायरॉइड हॉर्मोनच्या जवळ जाणारा आहे.

आता जेवणाच्या गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन रोज रक्तात फिरत राहिलं तर काय होईल? स्नायू आणि यकृत त्याला दाद देईनासे होतात, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, मग बीटा पेशींना अजून जास्त काढावं लागतं, आणि टाइप २ मध्ये वर्षानुवर्षं हेच चालून शेवटी बीटा पेशी थकतात. सुरुवातीला रिपोर्टमध्ये शुगर नॉर्मल, इन्सुलिन मात्र चढलेलं. फक्त किती पेशी मेल्या एवढंच मोजणाऱ्या टेस्टमध्ये हे दिसणारच नाही, म्हणून "पेशी मेल्या नाहीत म्हणजे सेफ" हे वाक्य मला तरी पटत नाही. अर्थात डिशमधल्या पेशीपासून माणसाच्या डायबेटिसपर्यंत उडी मारणंही तितकंच चुकीचं.

६. प्राण्यांवर काय दिसलं?

तीन प्रयोग सांगतो, बाकी बरेच आहेत.

न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीत उंदरांना चार आठवडे पेंटा मिश्रण दिलं आणि मग त्यांच्या चरबीच्या पेशी काढून तपासल्या. इन्सुलिन दिल्यावर त्या पेशी ग्लुकोज जाळण्यात निम्म्याहून जास्त कमी पडल्या आणि चरबी जास्त सोडायला लागल्या, जे इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये होतं तेच. म्हणजे मार फक्त बीटा पेशीवर नाही, समोरच्या टोकालाही आहे.

दुसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये छापलेला. उंदीर आईला गरोदरपणात आणि दूध पाजताना डीई-७१ हे पेंटा मिश्रण दिलं, तेही माणसांतल्या प्रमाणाच्या आसपास राहील असं बघून. तिच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांची उपाशीपोटी शुगर वाढलेली, ग्लुकोज दिलं तर लवकर खाली येईना. त्या मुलींना स्वतःला केमिकल कधी दिलंच नव्हतं, जे गेलं ते आईच्या पोटातून आणि दुधातून. आणि ज्या आयांना थेट दिलं होतं त्यांच्यात हे इतकं ठळक नव्हतं.

तिसऱ्यात ट्रायफिनाइल फॉस्फेट होतं, म्हणजे नव्या पिढीतलं. मुळातच डायबेटिस होणाऱ्या उंदरांच्या जातीत जन्माच्या आसपास ते दिलं तर डायबेटिस लवकर सुरू झाला.

७. उंदरांचं सोडा, माणसांत काय?

इथे चित्र सरळ नाही आणि जो सरळ सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बाजूने: अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पाहणीतले २००३-०४ चे रक्ताचे नमुने घेऊन २००८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात बीडीई-१५३ आणि पीबीबी-१५३ (पीबीबी म्हणजे पीबीडीईचं चुलत भावंड) या दोघांचा डायबेटिसशी संबंध दिसला. फ्रान्समध्ये सत्तर हजारांहून जास्त बायकांच्या खाण्यावरून हिशोब करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तिथे खाण्यातून एचबीसीडी जितकं जास्त तितका टाइप २ चा धोका जास्त दिसला, पीबीडीईचा संबंध होता पण वाकडातिकडा.

विरुद्ध बाजूने: फिनलंडमध्ये हेलसिंकीत जन्मलेल्या वयस्कर लोकांत कीटकनाशकं आणि पीसीबीचा (ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते जुनं क्लोरीनवालं केमिकल) डायबेटिसशी संबंध सापडला, पीबीडीईचा नाही.

आणि मिशिगन. १९७३ मध्ये तिथे एका कंपनीकडून गुरांच्या खाद्यात घालायच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जागी चुकून पीबीबीची पोती गेली. एकाचं नाव न्यूट्रीमास्टर, दुसऱ्याचं फायरमास्टर, गोंधळ व्हायला अजून काय लागतं. लाखो लोकांच्या पोटात दूध-मटणातून ते गेलं. नंतर त्या लोकांची यादी करून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, आणि एवढा मोठा डोस जाऊनही पीबीबीचा आणि डायबेटिसचा संबंध त्या गटात दिसला नाही. बायकांमध्ये पीसीबीचा मात्र दिसला.

८. जास्त केमिकल तर जास्त डायबेटिस, असं साधं गणित का नाही दिसत?

प्रश्न ७ मधल्या अमेरिकन अभ्यासातच बीडीई-१५३ चा आलेख उलट्या यू सारखा होता, म्हणजे मधल्या पातळीवाल्यांत धोका जास्त आणि सगळ्यात वरच्यांत परत कमी. हॉर्मोनमध्ये लुडबुड करणाऱ्या केमिकलमध्ये असं होऊ शकतं, कमी डोसला एक आणि जास्त डोसला दुसरंच.

पण अजून एक भानगड आहे. पीबीडीई चरबीत बसतं, त्यामुळे ज्याच्या अंगावर चरबी जास्त त्याच्यात तेवढंच केमिकल जास्त जागेत पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. बीडीई-१५३ हे जाड लोकांच्या रक्तात खरोखर कमी सापडतं. आणि डायबेटिस कुणाला जास्त होतो? जाड लोकांनाच. म्हणजे एकदाच रक्त काढून केलेल्या अभ्यासात खरा संबंध लपूही शकतो आणि खोटा दिसूही शकतो. म्हणून आधी रक्त काढून पुढे दहा-वीस वर्षं वाट बघणारे अभ्यास जास्त वजनदार.

९. माझ्या मुलाला टाइप १ आहे. आमच्या फोमच्या गादीमुळे झालं का हो?

नाही, ते मनातून काढून टाका. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उठते, त्यात जीन्सचा मोठा हात असतो, आणि गादी बदलली असती तर टळलं असतं असं दाखवणारा पुरावा नाही. वरचं जवळपास सगळं टाइप २ आणि इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दल आहे. आईवडिलांनी अपराधी वाटून घ्यायचं काहीही कारण नाही.

१०. मी प्रेग्नंट आहे. किती घाबरू? आणि बाळाला दूध पाजू की नको?

घाबरू नका पण काळजीच्या यादीत तुमचा नंबर बाकीच्यांच्या वर आहे हे खरं. काही अभ्यासांत बीडीई-१५३ आणि गरोदरपणातली शुगर यांचा संबंध दिसलाय, आणि उंदरांतला निकाल प्रश्न ६ मध्ये आहेच. खरं सांगायचं तर पीबीडीईचा सगळ्यात भक्कम पुरावा शुगरचा नाहीच, बाळाच्या मेंदूच्या वाढीचा आहे. त्यामुळे या नऊ महिन्यांत जुना सोफा उसवून नवं कव्हर घालणे, जुना फोम फाडणे असली कामं तुम्ही करू नका, दुसऱ्याला करू द्या. बाकी प्रश्न १३.

दूध पाजा. केमिकल दुधात उतरतं हे खरंय, स्वीडनमध्ये जपून ठेवलेल्या दुधाच्या नमुन्यांत १९७२ पासून १९९७ पर्यंत पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं, आणि मग पेंटाचा वापर थांबला तसं उतरायला लागलं. पण अंगावरच्या दुधाचे फायदे त्याच्यापुढे कितीतरी मोठे आहेत. आणि तुमची जीटीटी (ग्लुकोज पिऊन करायची शुगरची टेस्ट) चुकवू नका, आपल्याकडे गरोदरपणातली शुगर कॉमन आहे, सोफा असो नसो.

११. हे अमेरिकेचं झालं. आपल्या महाराष्ट्रात कितपत लागू?

अमेरिकेत प्रमाण युरोपच्या दहापट किंवा जास्तच सापडायचं, त्याला कारण कॅलिफोर्नियाचा १९७५ चा टीबी ११७ नावाचा नियम, फोमला छोटी ज्योत लावली तरी तो पेटता कामा नये असा. कंपन्या एका राज्यासाठी वेगळा सोफा कशाला बनवतील, सगळ्या देशात तोच माल गेला. आपल्याकडे असा घरगुती सोफ्याचा नियम त्या काळात नव्हता, आणि कितीतरी घरांत कापसाच्या गाद्याच होत्या ज्या दर दोन-चार वर्षांनी पिंजून घ्यायच्या. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे चिकटवू नका.

म्हणून आपण सुटलो असंही नाही. तुकडे चिकटवून केलेल्या रीबॉन्डेड फोमच्या गादीत तो भंगार फोम मुळात कुठल्या सोफ्यातून आलाय हे दुकानदारालाही माहीत नसतं. इलेक्ट्रॉनिक्स तर घरोघरी आहेच. कायद्याचं म्हणाल तर स्टॉकहोम करारात (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी केमिकलवरचा आंतरराष्ट्रीय करार) पेंटा आणि ऑक्टामधली मुख्य रसायनं २००९ ला, एचबीसीडी २०१३ ला आणि डेका २०१७ ला आलं. भारताने मार्च २०१८ च्या नियमांनी सात केमिकल बंद केली, त्यात पेंटा-ऑक्टावाली आणि एचबीसीडी आहेत, डेका त्या सातात नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीई ०.१ टक्क्याच्या वर नको हा नियम ई-वेस्टच्या कायद्यात आहे.

जे अमेरिकेत राहतात आणि जुना सोफा फुकट मिळाला म्हणून घरी आणतात त्यांच्यासाठी: २००५ च्या आधीचा असेल तर पेंटा असण्याची शक्यता चांगलीच, नको आणू. नवा घेताना कुशनखालचं टीबी ११७-२०१३ चं लेबल वाचा, फ्लेम रिटार्डंट घातलंय की नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

१२. काळा प्लॅस्टिकचा कालथा फेकून देऊ का? सगळीकडे व्हिडिओ फिरत होता.

ती २०२४ ची गोष्ट. काही काळ्या प्लॅस्टिकच्या वस्तूंत टीव्हीच्या भंगारातलं डेका सापडलं, हे खरं. पण ज्या संशोधनाच्या पेपरमध्ये हे आलं त्यात गुणाकार चुकला होता. माणसाला दिवसाला चालेल ती मर्यादा किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ४,२०,००० होते, त्यांनी ४२,००० लिहिलं. कालथ्यातून जाईल असा अंदाज ३४,७०० चा होता, म्हणजे मर्यादेच्या जवळपास नाही तर दहाव्या भागापेक्षाही कमी. डिसेंबरमध्ये त्यांनी दुरुस्ती छापली, व्हिडिओ मात्र अजून जुनाच फिरतोय.

तरी गरम तेलात प्लॅस्टिक कशाला घालायचं हा प्रश्न उरतोच. स्टीलचा किंवा लाकडी वापरा, नॉनस्टिक असेल तर लाकडी.

१३. घरी काय करू ते सांगा, बाकी राहू दे.

ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या झाडूने धूळ उडते आणि परत तुमच्याच ताटात बसते, म्हणून आधी झाडू मारलात तरी वरून ओलं पोछा हवंच, टीव्हीच्या मागे आणि सोफ्याखाली जास्त. जेवायच्या आधी साबणाने हात, मुलांचे तर नक्कीच, हातावर सापडणारं प्रमाण आणि रक्तातलं प्रमाण यांचा संबंध अभ्यासात दिसलाय. कुशन फाटलं असेल तर शिवून घ्या किंवा आतला फोमच बदला, उघडा फोम मुलांना कुरतडायला ठेवू नका. व्हॅक्यूम क्लिनर असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळही अडवणारा. सगळं फर्निचर बदलायची गरज नाही, त्या पैशात घरातल्या सगळ्यांची शुगर कितीतरी वर्षं तपासून होईल.

१४. आता पीबीडीई बंद झाले, नवीन केमिकल सेफ आहेत ना?

असं दर वेळी म्हणतात. १९७७ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या नाइटड्रेसमधलं ब्रोमीनवालं ट्रिस बंद झालं, मग क्लोरीनवालं ट्रिस आलं, त्यावर प्रश्न उठले आणि ते नाइटड्रेसमधून गेलं, तर नंतर सोफ्याच्या फोममध्ये सापडलं. पेंटा गेल्यावर फायरमास्टर ५५० आलं, त्यात ट्रायफिनाइल फॉस्फेट आहे (उंदरांचा निकाल प्रश्न ६ मध्ये). ही नवी मंडळी अंगातून दिवसांत निघून जातात हा खरा फायदा, पण धुळीतून रोज परत येत असतील तर त्या फायद्याला किती अर्थ, तुम्हीच बघा.

१५. माझा भाऊ भंगार आणि ई-वेस्टच्या धंद्यात आहे. त्याला जास्त धोका?

हो, घरात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त संपर्क. चीनमध्ये ग्वेयू नावाच्या ई-वेस्टच्या गावात लोकांच्या रक्तात पीबीडीई फार चढलेलं सापडलं होतं. आपल्याकडे प्लॅस्टिक वेगळं करताना मिठाच्या पाण्याच्या टबात तुकडे टाकतात, ब्रोमीनवालं जड म्हणून खाली बसतं, साधं वर तरंगतं. ही युक्ती चांगली आहे. पण काही जण तुकडा लायटरने जाळून वासावरून ओळखतात, ते अजिबात करू नये, जळताना ब्रोमीनवाल्या प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनच्या जातीची विषं निघतात. आणि डायॉक्सिनचा डायबेटिसशी संबंध जास्त गंभीरपणे घेतला गेलाय, व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंजच्या (झाडंझुडपं मारायला फवारलेलं, डायॉक्सिन असलेलं तणनाशक) संपर्कात आलेल्या अमेरिकन सैनिकांना टाइप २ झाला तर सरकार तो युद्धामुळे धरून भरपाई देतं. भावाला सांगा: जाळायचं नाही, मास्क, कामाचे कपडे घरी आणायचे नाहीत, जेवायच्या आधी हात-तोंड धुवायचं आणि वर्षातून एकदा एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट.

१६. रक्तात किती आहे ते तपासता येईल का? आणि डिटॉक्स?

तपासणी असते पण ती संशोधनाच्या लॅबची, नाक्यावरच्या पॅथॉलॉजीत नाही. आणि आकडा हातात आला तरी डॉक्टर त्यावर देणार काय, पीबीडीई काढायचं औषध नाही. डिटॉक्सचे काढे, पायाला लावायचे पॅच, सगळं पैसे उकळायचं काम. तेवढ्या पैशात एचबीए१सी करा, ज्याच्यावर खरंच काहीतरी करता येतं.

१७. मग शेवटी माझी शुगर यामुळेच आली का?

एका माणसाच्या बाबतीत हे सांगताच येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटींना प्रीडायबेटिस निघाला, गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. त्यामागे पोटाचा घेर, बैठं काम, घराण्यातली शुगर, वय ही मोठी कारणं. केमिकल असलंच तर त्या गर्दीत एक बारीक धक्का देणारं. सोफ्याला दोष देऊन संध्याकाळचं चालणं टाळणारे मला मेसेज करतात, त्यांना हेच उत्तर.

१८. वजन कमी केलं की चरबीतलं केमिकल रक्तात येतं म्हणे. मग वजन कमी करूच नये का?

येतं, हे खरं आहे. वजन झपाट्याने उतरलं, विशेषतः बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या पोटाच्या सर्जरीनंतर, की चरबीत साठलेल्या अशा केमिकलची रक्तातली पातळी वाढलेली मोजलीये. पण म्हणून वजन धरून ठेवायचं हा हिशोब उलटा आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट ट्रायलमध्ये २०१७ ला दिसलं की कमी कॅलरीच्या डाएटने वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के टाइप २ वाल्यांची शुगर वर्षभरात गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या मर्यादेखाली आली. त्यांच्याही चरबीत ही केमिकल असणारच, बीटा पेशी तरी सुधारल्या.

अपवाद दोन. प्रेग्नंट असताना किंवा दूध पाजत असताना क्रॅश डाएट नको, तसंही नकोच. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डाएट सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्या, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते.